शेजारचे पाडकाम आणि आपल्या घरातले पाणी



या व्याख्यानमालेत विद्वान मंडळी बोलतात. मी विद्वान नव्हे आणि वकीलही नव्हे. गिरणी कामगाराच्या घरी जन्मलेला, दहावीनंतर शाळा सोडलेला, युनियनच्या कचेरीत केस पिकलेला मी एक कार्यकर्ता आहे. कायदा शिकलो तो जुनी पुस्तके उलटून आणि न्यायालयाच्या बाकावर तासन्‌तास बसून. तेव्हा सभेत कोणी वकील बसले असतील, तर त्यांनी माझी चूक पोटात न ठेवता शेवटी मला सांगावी. त्यात माझा फायदाच आहे.

वैशाख आला की आपल्या शहरांत दोन कामे निघतात : लग्ने आणि पाडकामे. मृगाचा पाऊस येण्याआधी जुना वाडा, जुनी चाळ, बंद पडलेले गोदाम जमीनदोस्त करायचे, ही मालकांची घाई. पडते ते शेजाऱ्याचे, आपल्याला काय, असे आपण म्हणतो. काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीतही आम्ही असेच म्हणालो होतो.

चाळीला लागून एक जुने गोदाम होते. मे महिन्यात ते पाडले. राडारोड्याचा डोंगर कुंपणाशी, अगदी गटाराच्या तोंडावर उभा राहिला. आम्ही धुळीबद्दल कुरकुर केली आणि खिडक्या लावून घेतल्या. जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात रात्री दोनच्या सुमारास तळमजल्यावरच्या खोल्यांत गुडघाभर पाणी शिरले. आमच्या शेजारच्या काकू शिवणकामावर संसार चालवीत. त्यांचे यंत्र, गिऱ्हाइकांचे कापड, मुलीची दहावीची पुस्तके, सारे भिजून गेले. सकाळी आम्ही कंत्राटदाराकडे गेलो. त्याने आभाळाकडे बोट दाखविले. मालकाकडे गेलो. त्याने कंत्राटदाराकडे बोट दाखविले. नगरपालिकेच्या कारकुनाने टेबलाकडे बोट दाखविले आणि म्हणाला, अर्ज ठेवा. तीन बोटे तीन दिशांना, आणि पाणी मात्र काकूंच्या घरात!

कायदा या तीन बोटांचे काय करतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिले बोट आभाळाकडचे. पाऊस देवाचा, त्याला जबाबदार कोण? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. १८८२ सालच्या आपल्या सुविधाधिकार कायद्यात असे म्हटले आहे की, वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे वाहत खाली आले, तर खालच्या जमिनीच्या मालकाने ते येऊ दिले पाहिजे. उतार निसर्गाने केला. त्याबद्दल शेजाऱ्याशी भांडता येत नाही. पण यातला ‘नैसर्गिकपणे’ हा शब्द विसरू नका. शेजाऱ्याने भर घालून जमीन उंच केली, गटार बुजविले, किंवा पाणी अडवून त्याचा लोंढा तुमच्या उंबऱ्याकडे वळविला, तर ते पाणी निसर्गाचे राहिले नाही. त्याला माणसाचा हात लागला.

स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉक नावाचे गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने उद्यान करताना ओढ्याचा प्रवाह बदलून त्याच्या पात्रात मुलांना खेळायला सिमेंटचे उथळ तळे बांधले. हेतू किती चांगला! पुढे अतोनात पाऊस झाला, पाणी तळ्यावरून उसळून रस्त्याने धावत गेले आणि रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेचे नुकसान झाले. नगरपालिका म्हणाली, हा दैवी कोप. १९१७ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने उत्तर दिले ते थोडक्यात असे : पाऊस कितीही विलक्षण असला तरी ओढ्याची मूळ वाट तुम्ही बदललीत, तेव्हा बदललेली वाट जुन्या वाटेइतकी पुरेशी आहे हे पाहणे तुमचेच काम. नगरपालिकेला भरपाई द्यावी लागली.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी शेजारी राडारोडा नसता तरीही घर बुडाले असते, असे प्रतिवादी म्हणेल आणि कदाचित ते खरेही असेल. म्हणून न्यायालयापुढचा खरा प्रश्न असा असतो : पाडकाम झाले नसते, तर हे पाणी या घरात, इतके, आले असते काय? मागल्या वर्षी तेवढ्याच पावसात पाणी आले नव्हते, हे दाखविता आले तर निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे.

दुसरे बोट कंत्राटदाराकडचे. सर्वसाधारण नियम असा की, स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीबद्दल काम देणारा जबाबदार नसतो. मालक याच नियमाच्या आडोशाला उभे राहतात. पण या नियमाला मोठा अपवाद आहे, आणि तो पाडकामातूनच निघाला. इंग्लंडात १८७६ साली ‘बोवर विरुद्ध पीट’ या खटल्याचा निकाल लागला. दोन घरे एकमेकांस लागून. एका मालकाने आपले घर पाडून, पाया खणून नवे बांधण्याचे काम कंत्राटदारास दिले. शेजारच्या घराला आधार देण्याची आणि काही मोडले तर भरून देण्याची हमीही कंत्राटदाराकडून लिहून घेतली. शेजारचे घर खचलेच. मालक म्हणाला, माझ्याकडे करारपत्र आहे. मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी ते ऐकले नाही. ज्या कामातून, काळजी न घेतल्यास, शेजाऱ्याचे नुकसान होणार हे उघड आहे, ते काम सांगणाऱ्याने काळजी घेतली जाईल हे स्वतः पाहिले पाहिजे. ते कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळे होता येत नाही, असा त्या निकालाचा भावार्थ. मालकाने कंत्राटदाराकडून पैसे वसूल करावेत. तो त्यांचा आपसातला हिशेब.

आणि इथे मला माझ्या पेशाचे एक वाक्य बोलू द्या. पाणी शिरले त्या सकाळी आमच्या चाळीतल्या पोरांनी पहिली कॉलर धरली ती घण घालणाऱ्या मजुराची. रोजंदारीवर नाक्यावरून आलेला माणूस! राडारोडा कुठे टाकायचा हे त्याने ठरविले नव्हते. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीचा भार धन्यावर येतो, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. जो फायदा घेतो त्याने जोखीमही घ्यावी, हा त्यातला विचार. आम्हा कामगारांना तो चांगला ठाऊक आहे. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, तेव्हा यंत्रात हात गेलेल्या माणसाला मालकाची चूक शाबीत करीत बसण्याची गरज उरली नाही. धंदा तुमचा, तर धंद्यातला अपघातही तुमचा.

हाच विचार शेजाऱ्यांच्या कायद्यातही आला आहे, पण मर्यादित. लँकेशायरमधल्या एका गिरणीमालकाने पाण्याचा तलाव बांधला; त्याखालच्या जुन्या खाणीच्या विवरांवाटे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले. गिरणीमालकाची स्वतःची चूक नव्हती. तरी १८६८ साली ‘रायलँड्‌स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात त्याला जबाबदार धरण्यात आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या वायुगळतीनंतर १९८६ साली घातक उद्योगांसाठी हे तत्त्व आणखी कडक केले. पण राडारोडा म्हणजे तलाव नव्हे आणि गोदाम म्हणजे वायूचा कारखाना नव्हे. आपला दावा बहुधा निष्काळजीपणा आणि उपद्रव या दोन पायांवरच उभा करावा लागतो. त्यासाठी घरमालकच असावे लागते असे नाही. ताबा असलेला भाडेकरूही उपद्रवाबद्दल दाद मागू शकतो.

तिसरे बोट अर्जाकडचे. केंद्र सरकारने २०१६ साली बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याबद्दल नियम केले. त्यांत राडारोड्याने रहदारीस किंवा गटारांस अडथळा होता कामा नये, असे स्पष्ट घातले होते. म्हणजे कारकुनाचे टेबल रिकामे नव्हते. गटार तुंबलेले दिसताच, पाऊस पडण्यापूर्वी, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पुढे पालिकेविरुद्धच दावा लावायची वेळ आली, तर मुदतीचे भान ठेवा. महापालिकांच्या कायद्यात अशा दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते, आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. खाजगी मालकाविरुद्ध बहुधा तीन वर्षे मिळतात. पण ओल वाळायला तीन वर्षे लागत नाहीत!

इथेच आम्ही हरलो. ही गोष्ट सांगताना आजही मला लाज वाटते. पाणी ओसरताच आमच्या बायकांनी दुपारपर्यंत खोल्या धुऊन लख्ख केल्या. भिजलेला माल भंगारात गेला. दुसऱ्या दिवशी यंत्र आणून कंत्राटदाराने राडारोडा उचलला. वकिलाने विचारले, पुरावा काय? आमच्याकडे संताप होता, पुरावा नव्हता. काकूंना एक रुपयाही मिळाला नाही.

कधी कधी घटनाच बोलते, हे खरे. दिल्लीच्या चांदणी चौकातले घंटाघर कोसळून माणसे मेली. चुन्याच्या त्या बांधकामाचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, आणि इमारत ऐंशी वर्षांची. इमारत पालिकेच्या ताब्यात असताना ती पडली, हाच निष्काळजीपणाचा पुरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली मानले. पण पाणी येते आणि जाते. ते घंटाघरासारखे पडून राहत नाही.

म्हणून पुढे दुसऱ्या एका चाळीशेजारी पाडकाम निघाले, तेव्हा आम्ही आधीच जागे झालो. काम सुरू होण्यापूर्वी भिंतींची, गटारांची छायाचित्रे घेतली. मालकाला नोंदणीकृत टपालाने पत्र घातले. पाणी शिरले त्या रात्री भिंतीवर पाण्याची रेघ खडूने आखली आणि तारीख लिहिली. धुण्याआधी चार शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा केला, नुकसानीची यादी केली, पावत्या जपल्या. दिवाणी न्यायालयाकडून जागेची पाहणी करायला आयुक्त नेमून घेता येतो आणि तातडीचा मनाईहुकूमही मागता येतो, हे वकिलाकरवी मालकाला कळविले. दावा लावावाच लागला नाही. मालकाने गटार मोकळे केले आणि तडजोडीने पैसे दिले. पूर्ण नव्हेत, पण संसार पुन्हा उभे राहिले.

वकिलाच्या फीची चिंता अनेकांना असते. १९८७ सालच्या विधिसेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, पूरग्रस्त अशांना मोफत वकील मिळण्याची सोय केली आहे. काकूंना ती मिळाली असती. मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक असायला हवे होते तो मीच होतो.

बंधुभगिनींनो, पाऊस थांबविणे कोणाच्याच हाती नाही. पण पाणी आपल्या घरात कोणाच्या हाताने आले, हे विचारणे आपल्या हाती आहे. एकट्याने विचारले तर ती कुरकुर ठरते. चाळीने मिळून, तारीख घालून, कागदावर विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागते. आज घरी जाताना आपल्या शेजारी काय पडते आहे आणि गटाराचे तोंड मोकळे आहे की नाही, एवढे बघून जा. अजून पावसाला थोडे दिवस आहेत.