सही कोण तपासणार?



नागरी सहकारी बँकांच्या या अधिवेशनात ऑनलाइन बँकिंगच्या सुरक्षिततेवर बोलण्यासाठी तुम्ही माझ्यासारख्या निवृत्त माणसाला अध्यक्ष केलंत, यात थोडी गंमत आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत पितळी टोकनं होती. पासिंगच्या टेबलावर नमुना सह्यांच्या कार्डांचा एक लाकडी ट्रे असायचा आणि माझी पहिली काही वर्षं त्या ट्रेसमोर गेली. धनादेश आला की कार्ड काढायचं, दोन्ही सह्या शेजारीशेजारी धरायच्या, 'र'ची शेपटी रोजच्यासारखी वळली आहे की नाही ते पाहायचं. शंका आली तर खातेदाराला समोर बोलावून पुन्हा सही करायला लावायची. लोक वैतागायचे. "अहो, मीच आहे हो!" म्हणायचे. तरी आम्ही सोडत नसू, कारण सही ओळखणं हे आमचं काम होतं.

आज मला एवढंच म्हणायचं आहे, की हे काम आपण गेल्या पंधरा-वीस वर्षांत गुपचूप ग्राहकाच्या गळ्यात घातलं आहे.

निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. मी शाखाधिकारी होतो. एका सोमवारी सकाळी शटर वर जायच्या आत एक निवृत्त शिक्षिका पायरीवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पासबुक. शनिवारी संध्याकाळी त्यांना फोन आला होता की तुमचं लाइट बिल भरलेलं नाही, रात्री साडेनऊला वीज तोडणार. फोनवरच्या माणसाने मोबाइलमध्ये एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला सांगितले, आणि पाऊण तासात चार वेळा पैसे गेले. आमच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "आजी, ओटीपी तुम्हीच दिलात ना?" त्या हो म्हणाल्या. त्यांना माझ्या केबिनमध्ये आणलं, तर मीही तेच विचारलं. त्यांनी पासबुक टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझा हात थोडा थरथरला तर तुम्ही माझा चेक परत करायचात. परवा माझं सगळं खातं रिकामं होत होतं, तेव्हा तुम्हाला काहीच कसं खटकलं नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा वर्षांत ज्या खात्यात पेन्शनपलीकडे काही आलं नव्हतं आणि वाणसामानापलीकडे काही गेलं नव्हतं, त्यातून पाऊण तासात, कधी नाव न ऐकलेल्या खात्यांत, चार रकमा गेल्या. लाकडी ट्रेच्या काळात कारकुनाच्या भुवया उंचावल्या असत्या. आमच्या संगणकाला भुवया नव्हत्या, कारण त्या लावायचा खर्च आम्ही केला नव्हता.

मित्रहो, कायद्याची जुनी बाजू इथे आठवायला हवी. धनादेशावरची सही खोटी असेल तर तो खातेदाराचा आदेशच नव्हे, आणि बँकेने पैसे दिले तर ते बँकेचे गेले. १९८७ साली कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. कंपनीच्याच हिशेबनिसाने संचालकाच्या खोट्या सह्या करून ४२ धनादेश वटवले होते. बँक म्हणाली, ग्राहकाने पासबुक नीट पाहिलं असतं तर हे लवकर कळलं असतं. न्यायालयाने ते मानलं नाही. ग्राहकाच्या ढिलाईकडे बोट दाखवून बँकेला सुटता येत नाही, असं ठरलं.

मग ओटीपी आला. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरा पडताळा सक्तीचा केला. निर्णय उत्तम होता आणि त्याने असंख्य चोऱ्या टळल्या असतील. पण आपण त्याचा एक सोयीचा अर्थ लावला. ओटीपी बरोबर पडला म्हणजे सही जुळली, आणि सही जुळली म्हणजे आपलं काम संपलं. सहीला हाताचं वळण तरी असतं. सहा आकड्यांना कोणाचंच वळण नसतं. ते कोणी टाकले, कोणाच्या धाकाने टाकले, हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते कळायचं तर व्यवहाराकडे पाहावं लागतं, आणि व्यवहार फक्त आपल्याला दिसतो.

नियम काय सांगतात? ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीचं १४ डिसेंबरचं परिपत्रक, तुमच्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात असेल. बँकेची कसूर असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, यंत्रणेत दुसरीकडे आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार. ग्राहकानेच गुपित फोडलं असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. आपल्या किती काउंटरांवर हे शेवटचं वाक्य माहीत आहे? आपण उलटंच करतो. ग्राहकाला आधी आरोपी करतो आणि मग अर्ज लिहून घेतो.

शाखाधिकारी असूनही त्या सोमवारी मी स्वतः त्या शिक्षिकांचा अर्ज तासभर बाजूला ठेवला होता. त्यावर तारखेचा शिक्का मारला, वेळ लिहिली नाही. हे मी इथे कबूल करतो.

सगळा दोष भोळ्या ग्राहकाचा, असं मानणाऱ्यांनी ऑगस्ट २०१८ आठवावा. पुण्याची कॉसमॉस बँक, आपल्याच सहकाराच्या घरातली, १९०६ पासूनची. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांसाठी खोटा स्विच उभा केला. पैसे काढायच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत, वाटेतच मंजूर होत राहिल्या. शनिवार, ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण चौऱ्याण्णव कोटींहून अधिक. यात एकाही आजीने कोणाला ओटीपी सांगितला नव्हता.

आता दुसऱ्या टोकाकडे या. चोरलेला पैसा हवेत जात नाही, तो कोणाच्या तरी खात्यात जातो. ते खातं कोणी उघडलं? आपल्यापैकीच कोणी तरी. मार्चअखेरचं टार्गेट, शून्य शिल्लक खाती, आणि कॉलेजच्या मुलाला चार-पाच हजारांच्या मोबदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती द्यायला लावणारा दलाल. अशा भाड्याच्या खात्याचा केवायसी कागदावर चोख असतो. पण ज्या खात्यात वर्षभर हजारच्या वर काही आलं नाही, त्यात एका दुपारी आठ लाख येऊन वीस मिनिटांत निघून गेले, तर ते कोणाला दिसायला हवं? फसवणूक झालेल्या बाईंना ते खातं दिसतच नाही. आपल्याला दिसतं. म्हणून मी म्हणतो, पैसे पाठवणाऱ्या बँकेइतकीच ते स्वीकारणारी बँकही जबाबदार आहे.

हे माझं स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेल्या ग्राहकालाही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई सक्तीची आहे, आणि तिचा निम्मा भार पाठवणारी संस्था उचलते, निम्मा स्वीकारणारी. सिंगापूरने डिसेंबर २०२४ मध्ये बँकांबरोबर टेलिफोन कंपन्यांनाही जबाबदारीच्या साखळीत बांधलं. आपल्याकडेही वारं फिरतं आहे. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने म्हटलं, की पडताळ्याचे नियम न पाळल्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर ते बँकेने पूर्ण भरून द्यावं.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, "अशाने लोक बेफिकीर होतील. उद्या कोणी मित्रालाच पैसे पाठवून फसलो म्हणेल." शंका रास्त आहे. खोटे दावे येतील, ते तपासावे लागतील. ग्राहकाने पिन सांगू नये, पैसे घ्यायला पिन लागत नाही हे लक्षात ठेवावं, आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात नाही हे घरोघर माहीत व्हावं, हेही खरं. पण विम्याचे खोटे दावे येतात म्हणून कोणी विमा बंद केला नाही. आणि आयुष्यभराची कमाई गेल्यावर, तुटपुंजी भरपाई मिळेल या आशेने पुन्हा फसायला कोण निघेल?

अधिवेशनाने ठराव करायचा तो करावा. मी फक्त उद्यापासून करता येण्यासारखं सांगतो. पूर्वी कधी पैसे न पाठवलेल्या खात्याकडे मोठी रक्कम निघाली, आणि खातेदार साठीपुढचा असेल, तर ती काही तास थांबवा आणि शाखेतून फोन करा. तो वैतागेल, वैतागू दे. पूर्वीही वैतागायचे. ओटीपीचा मेसेज मराठीत पाठवा, आणि त्यात आकड्याच्या आधी किती रुपये आणि कोणाला चालले आहेत हे लिहा. आपण इंग्रजीत इशारा देतो आणि मराठीत दोष देतो, हे बरं नाही. नव्या खात्यांवर पहिले सहा महिने बारीक नजर ठेवा, आणि खाती किती उघडली याबरोबर त्यातली किती भाड्याने गेली याचाही हिशेब संचालक मंडळासमोर ठेवा. प्रत्येक काउंटरवर सायबर फसवणूक कळवायचा १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा, आणि तो नुसता लावू नका, ग्राहकासमोर फिरवा. पहिल्या तासाभरात पैसे अडवता येतात. दुसऱ्या दिवशी ते पाच-सहा खात्यांत फुटलेले असतात.

सहकाराचा पाया विश्वासाचा, असं आपण प्रत्येक वार्षिक सभेत म्हणतो. माणूस आपल्याकडे पैसे ठेवतो, कारण घरच्या कपाटापेक्षा इथे ते जास्त सांभाळले जातील असं त्याला वाटतं. त्या सांभाळण्याचे पैसे आपण घेतो. मग सांभाळलं गेलं नाही तर पहिलं उत्तर आपण द्यायला हवं.

आज रविवार आहे. उद्या सकाळी तुमच्या कोणाच्या तरी शाखेच्या पायरीवर, मांडीवर पिशवी घेऊन, कोणी बसलेलं असेल. त्यांना आत बोलवा, खुर्ची द्या, पाणी द्या. "ओटीपी कोणाला दिलात?" हा प्रश्न नंतर विचारता येईल. पहिला प्रश्न विचारा, "पैसे किती वाजता गेले?" आणि अर्जावर शिक्का मारताना शेजारी वेळ लिहा.