वाळवील तो थांबेल, थांबेल तो भाव करील
(पंचवटी, नाशिक येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत मी आज कॉफीबद्दल बोलणार आहे. कोरडवाहू रानात कॉफी लावा, असे सांगायला मी आलेलो नाही. ते पीक डोंगरावरचे, सावलीतले. आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून ते थोडेफार आहे. देशाची बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ, तामिळनाडूत पिकते. आपल्याला घ्यायचा आहे तो कॉफीवाल्याच्या खळ्याचा धडा.

१९४२ च्या कायद्याने कॉफीवाल्याचा माल बोर्डाच्या साठ्यात जाई आणि पैसे हप्त्याहप्त्याने येत. १९७२ पासून कापूस एकाधिकार भोगलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९९४ साली ब्राझीलमध्ये दव गोठून कॉफीची झाडे जळाली, जगात भाव चढले. १९९५ मध्ये लहान उत्पादकांना आणि १९९६ मध्ये सर्वांना खुली विक्री मिळाली. दार उघडले. पण दारातून बाहेर पडून थांबण्याची ताकद कोणाकडे होती? ज्याला माल वाळवता आणि राखता येत होता, त्याच्याकडे.

कारण कॉफीचे फळ तोडले की एका दिवसात आंबायला लागते. ओले फळ घेऊन उभा राहिलेला माणूस सौदा करत नाही, विनवणी करतो. इथे पंचवटीच्या बाजार समितीत पालेभाजीच्या लिलावाला उभे राहून बघा, तेच दिसेल.

मग लहान उत्पादक काय करतो? फक्त लाल, पिकलेली फळे तोडतो. ती पाण्यात टाकतो. पोकळ, किडकी वर तरंगतात, ती वेगळी काढतो. उरलेली त्याच दिवशी ताडपत्रीवर, सिमेंटच्या खळ्यावर किंवा जाळीच्या मांडवावर तीन बोटे जाडीने पसरतो. उघड्या मातीवर नाही. कॉफी मातीचा वास धरते. दिवसातून अनेकदा हलवतो, संध्याकाळी गोळा करून दवापासून झाकतो. दोन-तीन आठवड्यांत मूठभर फळे कानाशी खुळखुळली, की वाळली. ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास हवा. जास्त राहिला तर बुरशी येते. साधारण ६ किलो ताज्या फळांची १ किलो कॉफी होते.

साठवताना तो घाई करून टरफल काढत नाही. टरफलात दाणा टिकतो. विकायच्या वेळी गिरणीतून काढून घेतो. स्वच्छ पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. त्या खोलीत रॉकेल नाही, औषध नाही, खत नाही.

आता आपल्या घराकडे या. सकाळी दवात वेचलेला कापूस तसाच दाबून भरला की गंजीत तापतो, पिवळा पडतो. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांवर ओलावा गेला की कपात, १२ च्या वर गेला की माल परत. पावसात सापडलेली खरीप ज्वारी काळी पडते, आणि उरलेली नीट न वाळवता पोत्यात भरली की तिला सोंडे लागतात. हा सगळा तोटा मातीमोल भावाच्या आधी आपल्याच अंगणात होतो.

सावध राहा. थांबले म्हणजे भाव चढतोच असे नाही. खुल्या विक्रीनंतर पाच-सहा वर्षांतच, २००१ च्या सुमारास, कॉफीचे भाव जगभर कोसळले आणि थांबलेलेही बुडाले. म्हणून सगळा माल एकदम विकू नका, सगळा धरूनही बसू नका. देणी फिटतील एवढा आधी विका, उरलेला टप्प्याटप्प्याने. ज्वारीसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवून सहा महिन्यांचे कर्ज मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, हे विचारा. नसेल तर का नाही, हेही विचारा.

प्रत्येक गावात दहा घरांनी मिळून एक पक्के खळे, दोन मोठ्या ताडपत्र्या आणि ओलावा मोजायचे एक यंत्र घ्यावे. काट्यावर व्यापारी ओलाव्याचा आकडा सांगेल, तेव्हा आपलाही आकडा आपल्या खिशात असला पाहिजे. भाव मागण्याचा हक्क आपण सभांमधून मागतोच. तो वापरायला लागणारी सवड मात्र खळ्यावर तयार होते.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावात कोणते खळे ठरले, ते सांगायला या.