राजाज्ञा आणि धर्माज्ञा : क्रिऑन व अँटिगनी

(नागपूर येथील एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परकीय सेना घेऊन स्वदेशावर चालून आलेल्या माणसाचे प्रेत रणांगणावर पडले आहे. त्याला अंत्यसंस्कार मिळावेत की नाहीत? कोणाही देशभक्ताचे पहिले उत्तर बहुधा कठोरच असेल. इ. स. पूर्व ४४१ च्या सुमारास ग्रीक नाटककार सोफोक्लिस याने हाच प्रश्न अथेन्सच्या नागरिकांपुढे ठेवला. त्या नाटकाचे नाव ‘अँटिगनी’.

कथानक थोडक्यात असे. थीब्ज नगरीचा राजा इडिपस याचे दोन पुत्र सिंहासनासाठी भांडले. धाकटा इटिओक्लिस गादीवर राहिला. पॉलिनायकस आर्गॉसची सेना घेऊन आपल्याच नगरीवर चालून आला. दोघे एकमेकांच्या हातून मारले गेले आणि राज्य त्यांचा मामा क्रिऑन याच्याकडे आले. त्याने आज्ञा काढली : इटिओक्लिसला सन्मानाने मूठमाती द्यावी, पॉलिनायकसचे प्रेत मात्र कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकावे, जो त्याला माती देईल त्याला देहदंड. मृतांची बहीण अँटिगनी हिने ती आज्ञा मोडली. ती क्रिऑनची भाची होती, आणि त्याचा पुत्र हेमॉन याची वाग्दत्त वधूही होती.

क्रिऑनला खलपुरुष समजून मोकळे होणे सोपे आहे. पण तो या नाटकावर अन्याय ठरेल. त्याची भूमिका प्रारंभी विवेकाची आहे. देश ही एक नौका आहे, ती तरली तरच आपण सारे तरू. म्हणून जो आप्तांना देशापेक्षा मोठे मानतो तो राज्य करण्यास अपात्र होय, असे तो सांगतो. नुकतेच युद्ध संपले आहे, नगरी भयभीत आहे. अशा वेळी देशरक्षक आणि देशद्रोही यांना एकच मान दिला, तर उद्या प्राण कोण वेचील? हा त्याचा प्रश्न पोकळ नाही. स्वतः अथेन्समध्येही देशद्रोह्याला त्या भूमीत मूठमाती नाकारण्याचा कायदा होता.

अँटिगनीचे उत्तर देशाच्या विरोधात नाही. ती भावाच्या कृत्याचे समर्थन करीत नाही. राजाची आज्ञा आज निघते आणि उद्या रद्द होते; परंतु देवांचे काही अलिखित नियम असे आहेत की ते केव्हापासून आहेत हे कोणालाच ठाऊक नाही आणि कोणी मोडूही शकत नाही, एवढेच ती म्हणते. मृताला मृताचा संस्कार मिळणे हा त्यांपैकी एक. आज्ञा मोडली हे ती नाकारत नाही, पळून जात नाही, शिक्षा चुकवीत नाही.

तीही निर्दोष नाही. भ्यालेली बहीण इस्मेनी पुढे जेव्हा शिक्षेत सहभागी होऊ पाहते, तेव्हा अँटिगनी तिला कठोर शब्दांत दूर लोटते. निष्ठेच्या तेजाबरोबर येणारा ताठा तिच्या ठायी आहे. पण तिच्या ताठ्याची किंमत प्रामुख्याने ती स्वतः मोजते; क्रिऑनच्या ताठ्याची किंमत सारी नगरी मोजते. सत्ताधाऱ्याच्या आणि सत्ताहीनाच्या हट्टातील हा भेद फार मोलाचा आहे.

मग क्रिऑन चुकला कोठे? नाटकाचे मर्म पिता-पुत्राच्या संवादात आहे. हेमॉन पित्याला सांगतो की नगरीतील लोक त्या मुलीसाठी हळहळत आहेत, मात्र राजाच्या धाकाने बोलत नाहीत; पुरात वाकणारी झाडे टिकतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. क्रिऑन संतापतो. राज्य हे राज्यकर्त्याचेच असते, असे त्याच्या तोंडून निघते. ज्याने देशाला सर्वश्रेष्ठ म्हणून आरंभ केला, तो देश म्हणजे मीच, या टोकाला येऊन पोहोचला! अंध द्रष्टा टायरेसियस त्याला बजावतो, तेव्हा कोठे तो भानावर येतो. तोही आधी प्रेताला माती देण्यास जातो आणि मग अँटिगनीला कोंडलेल्या गुहेकडे वळतो. तोपर्यंत तिने गळफास घेतलेला असतो. हेमॉन तिच्याजवळ प्राण देतो आणि ते ऐकून राणीही.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. रावणवधानंतर बिभीषण भावाचे अंत्यसंस्कार करण्यास कचरतो, कारण रावण अधर्मी होता. तेव्हा वाल्मीकींचा राम त्याला समजावतो की वैर मरणापर्यंतच असते. आता तो जसा तुझा, तसाच माझाही. थीब्जमध्ये जी मागणी बहिणीला प्राण देऊन करावी लागली, ती लंकेत विजेता स्वतःहून पूर्ण करतो. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला आणि तेथेच त्याचे दफनही झाले. शिवरायांनी शत्रूला क्षमा केली नाही, पण त्याच्या प्रेताशी वैर धरले नाही. कठोरता आणि धर्म एकत्र नांदू शकतात, हे क्रिऑनला उमगले नाही.

हा प्रश्न नागपूरच्या दारातही येऊन गेला आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लादली गेली. ३० जून रोजी सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना नागपुरात अटक झाली, ४ जुलै रोजी संघावर बंदी आली. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येईल काय, या प्रश्नावर ज्या उच्च न्यायालयांचे निर्णय सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी शासनाच्या बाजूने कौल दिला. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले. जीविताचे आणि स्वातंत्र्याचे पावित्र्य राज्यघटनेने प्रथम निर्माण केलेले नाही, ते तिच्याही आधीचे आहे, असा त्यांच्या निकालपत्राचा आशय होता. अँटिगनीचा अलिखित नियम तो हाच! १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले. त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच १९७६ चा तो निकाल मोडीत काढला.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या आपल्या व्याख्यानांत राष्ट्र आणि राज्य यांत भेद केला आणि धर्म हा राज्याच्याही वर असल्याचे सांगितले. हा भेद विरोधकांच्या राज्यात सहज आठवतो. खरी कसोटी आपली माणसे सिंहासनावर असतात तेव्हा लागते. अँटिगनीचे धैर्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. परंतु हेमॉन होणे प्रत्येकाला शक्य आहे : ज्याच्यावर प्रेम आहे, ज्याचे यश चिंतिले आहे, त्याच्यासमोर उभे राहून, आदर न सोडता, ‘आपण चुकत आहात’ असे वेळेवर सांगणे. क्रिऑनने ते ऐकले असते, तर त्याची नगरी, त्याचे घर आणि त्याची देशभक्ती ही तिन्ही वाचली असती.