भुयारातील वेगाचा कायदा



अनेकांच्या हातून घडणाऱ्या भुयारी संगणक-खेळांत राक्षसाला दात किती, विष किती, प्राणशक्ती किती यांविषयी हिरिरीने वाद होतात. परंतु तो एका पाळीत किती पावले टाकतो हा प्रश्न, जो खेळाडूच्या दृष्टीने साक्षात जीवनमरणाचा, तो कोष्टकातल्या 'वेग' या एका आकड्यावर निकालात निघतो. आज या परिषदेचा अध्यक्ष या नात्याने मला त्या उपेक्षित आकड्याची वकिली करावयाची आहे.

१९८२ च्या सुमारास जे फेनलसन याने शाळकरी सोबत्यांसह रचलेला 'हॅक', १९८४ साली अँड्रिस ब्रॉवर यांनी त्याला दिलेले नवे रूप आणि १९८७ पासून अनेक हातांनी वाढविलेला 'नेटहॅक', ही परंपरा आपणांस ठाऊक आहेच. 'नेटहॅक'मध्ये साध्या नायकाचा वेग १२, विक्राळ ड्रॅगनचा अवघा ९ आणि क्षुद्र सैनिक-मुंगीचा १८! ड्रॅगनापुढून मनुष्य निदान माघार तरी घेऊ शकतो. मुंगीपुढे पाठ फिरविणे म्हणजे एका पावलाला दोन हल्ले करणाऱ्या वैऱ्यास आणखी पावले फुकट बहाल करणे होय. ज्या कोणी हे आकडे बसविले, त्याला भयाची मर्मस्थाने ठाऊक होती असे मी समजतो.

आता या आकड्यांची अंमलबजावणी पाहा. जुन्या आवृत्त्यांत ती सावकाराच्या वहीसारखी चोख होती: दर पाळीस मुंगीच्या खाती १८ जमा, प्रत्येक चालीस १२ खर्च, शिल्लक पुढे ओढावयाची, म्हणून ती आळीपाळीने एकदा एक व एकदा दोन चाली करी. ९ वेगाचा ड्रॅगन अशाच हिशेबाने चार पाळ्यांत तीन वेळा हलत असल्याने, तो कोणत्या पाळीस खिळून राहणार हे बोटे मोजणाऱ्या खेळाडूस आधीच कळे. त्या पाळीस घाव घालावा, बाकीच्या पाळ्यांस मागे सरावे, असा निर्धास्त उद्योग चाले. तो शौर्याचा नव्हता, कारकुनीचा होता. (कारकुनीचा मी अनादर करीत नाही, माझे सारे आयुष्य तीत गेले.) ३.६ या आवृत्तीच्या कारकिर्दीत ही वही बंद झाली आणि प्रत्येक पाळीस वेग यदृच्छेने १२ च्या पटीत वर वा खाली पूर्ण करण्याचा नियम आला. सरासरी तीच राहिली. मुंगी एक चाल करील की दोन, ही मात्र समसमान संभवाची गोष्ट झाली.

या फेरफाराने कौशल्याचा अपमान झाला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. कारण १२ हा आकडा स्वतःच १२ चा पट असल्याने समान वेगाचा पाठलाग यदृच्छेच्या तडाख्यातून सर्वस्वी सुटतो, तेथे अंतर वाढत नाही व घटतही नाही. अंदाज बांधण्याचा खेळाडूचा हक्क शाबूत राहिला, केवळ बिनधोक लुटीची सनद रद्द झाली. उलट, सर्वच वेगांत सरसकट अनिश्चितता मिसळणारा नियम कोणी आणील, तर समान वेगाच्या राक्षसापुढून पळणारा नायक कोणत्याही अपराधावाचून अकस्मात गाठला जाईल, आणि त्या नियमास माझा विरोध राहील.

सहकारी रचनेच्या दृष्टीने मला याहून मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट: या नियमाने काय रोखावयाचे आणि कोणती हमी अबाधित ठेवावयाची, हे खेळाच्या मूळ संगणक-संहितेतच त्याच्या शेजारी लिहून ठेवलेले आहे. आपल्या दफ्तरी येणाऱ्या प्रत्येक नव्या राक्षसाच्या वेगासोबत असाच खुलासा मागावा, आणि तो नसल्यास राक्षस कितीही देखणा असला तरी त्याच्या जनकाकडे परत धाडावा, असा ठराव मी या परिषदेपुढे ठेवीत आहे.