तुटलेला रस्ता, दुभंगलेली बाजारपेठ



महापूर ओसरला की सरकारी यंत्रणा बुडालेली पिके मोजते, पडलेली घरे मोजते. रस्ता बंद पडल्याने झालेली हानी मात्र सहसा कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर हे याचे ठळक उदाहरण होय.

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि सुमारे आठवडाभर बंद राहिला. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा लागल्या. शहरात पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले. दूधसंघांचे संकलन थांबले आणि तिकडे मुंबईत दुधाची टंचाई भासू लागली.

अर्थशास्त्राची पुस्तके एका बाजारपेठेची भाषा बोलतात, तेव्हा त्यांनी रस्ता चालू आहे हे गृहीत धरलेले असते. रस्ता तुटताच एका बाजारपेठेच्या दोन होतात. इकडे माल आहे, गिऱ्हाईक नाही. तिकडे गिऱ्हाईक आहे, माल नाही. या दुभंगाचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या गोदामात साखर आहे तो थांबू शकतो. म्हैस थांबत नाही. तिची धार दोन्ही वेळा काढावीच लागते, तिला वैरण घालावीच लागते. कोरड्या राहिलेल्या गावातील दोन म्हशींच्या शेतकऱ्याचे घर शाबूत, गोठाही शाबूत. म्हणून पंचनाम्यात त्याचे नाव नाही. बाजार समितीतल्या हमालाचीही तीच गत. ट्रक आला नाही तर मजुरी नाही.

जुलै २०२१ मध्ये तोच महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला. पहिल्या खेपेस ते संकट म्हणता येईल. दुसऱ्या खेपेस तो नियोजनाचा दोष ठरतो. भराव घालून रस्ता उंच करणे हा उपाय नव्हे. भराव बांधासारखा पाणी अडवतो. रस्ता वाचतो, गाव बुडते. तेथे खांबांवरचा पूलच हवा. पावसाळ्यापूर्वी धान्य, इंधन व औषधे तालुक्याच्या ठिकाणी पोचलेली हवीत.

आणि बुडालेल्या रोजगाराची मोजदाद हवी. ती अशक्य नाही. गावच्या दूधसंस्थेच्या वहीत प्रत्येक सभासदाचे रोजचे लिटर लिहिलेले असतात. संकलनाचा खाडा त्यात स्पष्ट दिसतो. पूर ओसरल्यावर कार्यकर्त्यांनी बुडालेल्या गावांत जावेच. पण कोरड्या गावांत जाऊन ही वहीही उघडावी.