इंजिनाचा श्वास कोंडू नका



गेल्या पावसाळ्यात एक तरुण आपली जुनी ३४६ सीसीची बुलेट घेऊन माझ्याकडे आला. इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून ऑइल येऊन एअर फिल्टर भिजायचा. कुणीतरी त्याला सांगितलं, ‘नळीत बोल्ट ठोक, गळती थांबेल.’ त्याने ठोकला. दोन दिवसांत क्रँकचं ऑइल सील बाहेर आलं आणि ऑइल रस्त्यावर सांडलं. आज मला एवढंच सांगायचं आहे: ब्रीदरमधलं ऑइल ही इंजिनाने दिलेली खबर असते. ती वाचायची असते, दाबायची नसते.

या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली जागा तेवढ्याने कमी होते. मिनिटाला ४,००० फेरे असले, तर तिथली हवा ४,००० वेळा दाबली जाते. त्यात भर जळणाच्या वायूची. रिंगा कितीही चांगल्या असोत, त्यांच्या फटीतून थोडा वायू खाली उतरतोच. हा सगळा दाब ऑइलचे बारीक तुषार घेऊन ब्रीदरमधून बाहेर पडतो. वाट बंद केली, की तो सर्वांत कमजोर सील शोधतो.

पूर्वी हा वायू सरळ रस्त्यावर सोडत. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं आणि शहरांची हवा त्याने बिघडत होती. म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ पासूनच्या नव्या मोटारींत तो परत इंजिनात नेऊन जाळण्याची सोय आली. आज आपल्या मोटरसायकलींची नळीही फिल्टरच्या डब्यात जाते ती याच कारणाने. डब्यात थोडं ऑइल दिसणं म्हणूनच स्वाभाविक आहे.

आता ऑइलमध्ये शिरणाऱ्या पाण्याकडे वळू. एक लिटर पेट्रोल जळलं, की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थोडी वाफ रिंगांवाटे खाली उतरते. इंजिन नीट तापलं, तर तीही ब्रीदरमधून निघून जाते. पण घर ते मंडई अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही. मग पाणी ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि नळीत ताकासारखा पांढरट फेस साचतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी लांब फिरवून आणा, आणि किलोमीटर कमी झाले तरी ऑइल वेळेवर बदला.

ब्रीदरमधून जास्त ऑइल सिलिंडरमध्ये गेलं, की ते अर्धवट जळून पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्हवर कार्बन होऊन बसतं. थर वाढला, की ज्वलनकक्षाची जागा आटते, दाब वाढतो. तापून लाल झालेला कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवू शकतो. घाट चढताना इंजिन खडखडू लागलं, तर हा संशय घ्या. हेड उघडून कार्बन काढायचा तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने. अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हर चालवलात, तर पडलेले ओरखडे कायमचे. पण ऑइल कुठून येतंय हे न शोधता हेड घासलं, तर थर पुन्हा बसणार.

त्या बुलेटचा बोल्ट मी काढला, सील बदललं, कॉम्प्रेशन मोजलं. रिंगा ठीक होत्या. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून ऑइलच खुणेच्या वर भरलेलं होतं. ते खुणेवर आणलं आणि फिल्टर कोरडा राहू लागला.

घरी गेल्यावर गाडीच्या फिल्टरच्या डब्याखाली पाहा. अनेक गाड्यांना तिथे टोक बंद असलेली एक पारदर्शक नळी असते. तिच्यात चार थेंब मळकं पाणी-ऑइल दिसलं, तर नळी रिकामी करा आणि निर्धास्त राहा. पांढरा फेस दिसला, तर गाडीला लांब न्या. काळं ऑइल भरलेलं दिसलं, तर आधी गाडी सपाट जागी सरळ उभी करून ऑइलची पातळी बघा. ती बरोबर असेल, तरच रिंगांकडे वळा.