घरीच भरणारी शाळा

मुलाचे नाव शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी आई-वडिलांनी घरी उचलणे म्हणजे गृहशिक्षण. बोलताना बहुतेक जण त्याला होमस्कूलिंग म्हणतात. शाळा सुटल्यावर घरी अभ्यास घेणे वेगळे आणि हे वेगळे. मार्च २०२० नंतर कोरोनामुळे मुंबईतले प्राथमिक वर्ग दीर्घकाळ बंद राहिले आणि मुले मोबाइलवर शिकली, पण ते गृहशिक्षण नव्हते. तिथे वेळापत्रक, पुस्तके आणि चाचण्या शाळेच्याच होत्या. गृहशिक्षणात काय शिकायचे, कधी शिकायचे आणि किती वेगाने शिकायचे, हे घर ठरवते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत हा मार्ग धरणाऱ्या कुटुंबांची कारणे वेगवेगळी असतात. एखादे मूल भरलेल्या वर्गात बुजते. एखाद्याला अक्षरे उशिरा उमगतात, तर एखादे वर्गाच्या दोन पावले पुढे असते आणि कंटाळते. कोणाचा दिवस पोहण्याच्या किंवा तबल्याच्या सरावात जातो. काही पालकांना तिसऱ्या वर्षीची मुलाखत, न झेपणारी फी आणि स्कूलबसमध्ये जाणारा वेळ नकोसा वाटतो. काहींना मूल मराठीतून शिकायला हवे असते आणि जवळची मराठी शाळा बंद पडलेली असते.

घरी शिकण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. १८५८ मध्ये जन्मलेल्या पंडिता रमाबाई लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. त्यांची आई लक्ष्मीबाई हिनेच त्यांना संस्कृत शिकवले, आणि त्या आईला शिकवले होते तिचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी. पुढे बालशिक्षणाची शास्त्रशुद्ध घडी मराठीत बसवली ती मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केल्यावर त्यांनी दादरला शिशुविहार उभारले. नंतर बोर्डी आणि कोसबाड इथे सहकारी अनुताई वाघ यांच्यासह त्या आदिवासी वस्तीतल्या अंगणात आणि गुरांमागच्या कुरणात शाळा घेऊन गेल्या. मूल असेल तिथे शिक्षण पोचले पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते. तिकडे अमेरिकेत शिक्षणविषयक लेखक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक काढले. आजच्या होमस्कूलिंगवर त्यांच्या लेखनाची मोठी छाप आहे.

कायद्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे या कायद्याचे दहावे कलम सांगते. मात्र दाखल न करणाऱ्या पालकांना त्यात शिक्षा नाही. जे पालक स्वेच्छेने मुलांना घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मांडली. शाळेत परतण्याची वाटही कायद्यात आहे. चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही मिळते. म्हणून जन्मदाखला, आधारकार्ड आणि मुलाच्या कामाच्या वह्या तारखेसह जपून ठेवणे हे पालकांचे पहिले काम.

लहान वयात घरचा अभ्यास फार तासांचा नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ, गोष्टी आणि कृती यांना पहिले स्थान दिले आहे. या वयाच्या मुलासाठी सकाळी तास-दीड तास सलग बसणे पुरे होते. उरलेले शिक्षण घरकामाच्या ओघात होते. मटकीचेच पाहा. पाच वर्षांचे मूल ओट्याजवळ बसून मूग, मटकी, चवळी आणि वाल वेगळे करते, तेव्हा वर्गीकरण शिकते. वाटीने मोजून मटकी भिजत घालते, रात्री ती फडक्यात बांधते, आणि सकाळी फडके सोडल्यावर त्याला दिसते की दाण्यातून आधी मूळ बाहेर येते, पाने नंतर. वाटीभर मटकी आता वाटीत मावत नाही, हेही त्याच्या ध्यानात येते. रोज एक चित्र आणि त्याखाली एक ओळ, अशी चार दिवसांची वही झाली की गणित, विज्ञान आणि लेखन एकाच फडक्यातून निघते. शेवटी उसळ होते आणि ती सगळे मिळून खातात. मूल शिकले ते त्याच्या ताटात येते, हा घरच्या शिक्षणातला फार मोठा आनंद आहे.

उपनगरातले घर लहान असले तरी उपनगर मोठे आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली की पावसाचे पाणी साठवण्याचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल हा काळ्या बेसॉल्टचा उभा कडा आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून घडला. मुलुंडहून ऐरोलीला जाणारा पूल ठाणे खाडीवरूनच जातो. तिथले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बोंबील वाळताना दिसतात, तर मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके मिळतात.

मेट्रोचा एक फेराही गणिताचा तास होतो. वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिची लांबी ११.४ किलोमीटर आणि स्थानके १२. सात-आठ वर्षांचे मूल खिडकीशी उभे राहून स्थानके मोजते आणि बाराचे उत्तर घेऊन येते. मग त्याला विचारायचे, ‘‘दोन स्थानकांमधली अंतरं किती?’’ ते आधी बाराच सांगते, बोटांवर पुन्हा मोजते आणि अकरावर येऊन थांबते. ११.४ ला ११ ने भागले की एका अंतराला सरासरी किलोमीटरहून थोडे जास्त येते. भागाकार पुढच्या वर्षी शिकला तरी चालतो. ‘‘खांब बारा आणि मधल्या जागा अकरा’’ हे मात्र त्याला कायमचे कळलेले असते.

आता अडचणी. पहिली अडचण जागेची. वन बीएचकेमध्ये दोन मुले, कामावर लॉग-इन झालेले वडील, आजोबांची दुपारची झोप आणि शेजारच्या इमारतीचे रिडेव्हलपमेंट, हे सगळे एकाच वेळी चालते. पावसाळ्यात चार महिने मैदान हातचे जाते. दुसरी अडचण वयांच्या अंतराची. थोरल्याला पाढे सांगावेत तर धाकटे वहीवर रेघोट्या ओढते. धाकट्याच्या झोपेची वेळ थोरल्याच्या वाचनाला देणे आणि दोघांनाही पेलेल अशी एक गोष्ट रोज एकत्र वाचणे, हे उपाय बहुतेक घरांत लागू पडतात.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. गृहशिक्षणाचा भार बहुतेक घरांत आईवर पडतो. तीच स्वयंपाक करते, तीच शिकवते, तीच मुलाचा हट्ट सोसते, आणि पुष्कळदा तिने त्यासाठी नोकरी सोडलेली असते. शाळेमुळे आईला मिळणारे सकाळचे चार-पाच तास इथे मिळत नाहीत. मुंबईसारख्या महागड्या शहरात एका पगारावर घर चालवण्याचा ताण वेगळाच. वडिलांनी आठवड्यातले ठरावीक विषय आणि ठरावीक तास स्वतःकडे घेतल्याशिवाय ही व्यवस्था टिकत नाही. आजी-आजोबांचा हातभार लागला तर मुलांना गोष्टी, ओव्या, पाढे आणि घरची बोली मिळते. ‘‘शाळेत का नाही घातलं?’’ हा प्रश्न नातेवाईक आणि सोसायटीतली मंडळी वर्षानुवर्षे विचारतात. त्याला आई-वडील दोघांचे उत्तर एकच असले पाहिजे, कारण मूल ते ऐकत असते.

चौथी अडचण सवंगड्यांची. भांडणे, कट्टी-बट्टी आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे मुले एकमेकांकडूनच शिकतात. म्हणून संध्याकाळी सोसायटीच्या आवारात रोज खेळायला जाणे, एखाद्या क्रीडावर्गात किंवा बालनाट्यात भाग घेणे आणि घरी शिकणाऱ्या इतर मुलांना नियमित भेटणे, या गोष्टी अभ्यासाइतक्याच सक्तीच्या मानाव्यात. वाचनातला अडथळा किंवा ऐकण्यातला दोष शाळेत शिक्षकांच्या नजरेस येऊ शकतो. घरी तो मायेपोटी नजरेआड होऊ शकतो. तशी शंका आली तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला लगेच घ्यावा.

पुढे परीक्षेचा प्रश्न येतोच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. तिची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. राज्य मंडळाची दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. हे टप्पे पार करणे शहाणपणाचे असते. मुंबईतल्या एका मुलीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली, घरी शिकून संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. पण बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंदच राहिले.

गृहशिक्षण म्हणजे शाळेवरच्या रागाचा उतारा नव्हे. मुलाची गरज, आई-वडिलांची तयारी आणि घरखर्चाची बेगमी या तीन गोष्टी जुळल्या तरच ते सुरू करावे, आणि दर वर्षी मुलाशी बोलून त्याचा फेरविचार करावा. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी मुलाला खुशाल शाळेत घालावे, त्यात कमीपणा नाही. मात्र मूल घरी शिको वा शाळेत, त्याच्या प्रश्नासाठी हातातले काम बाजूला ठेवणारे एक मोठे माणूस त्याला रोज मिळाले पाहिजे. तेवढा वेळ प्रत्येक घराने काढावा.